पहिली टाळी

त्याच्याबद्दल एक गोष्ट बरीच वर्षं कानोकान फिरत होती. ती अशी, की या माणसाने सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याशी संबंध तोडले ते निव्वळ तत्त्वापायी. मेहुणा आपल्याच गल्लीवर उलटला, वरच्यांना जाऊन मिळाला, आणि ह्याला ते खपलं नाही. तेव्हापासून हा बहिणीच्या घराची पायरी चढत नाही. सांगणारे हे इतक्या खात्रीने सांगत, की जणू त्या दिवशी ते मधल्या स्टुलावर बसून दोघांचं ऐकत होते. न्हाव्याच्या दुकानात या गोष्टीला थोडा फेस चढला. ह्याने म्हणे मेहुण्याने दिलेलं घड्याळ मनगटावरून सोडलं आणि त्याच्या पायाशी आपटलं. वास्तविक ह्याच्या मनगटावर उभ्या जन्मात कुणी घड्याळ पाहिलं नव्हतं. पण आपटायला काहीतरी हवंच, आणि मेहुण्याने खरोखर दिलेली वस्तू एकच, कपडे वाळत घालायचा दोर. तो आपटून आवाज येत नाही.

ज्याच्याबद्दल हे चाले, तो रेडिओ केंद्रात टेप कापायचं आणि जोडायचं काम करी. केंद्रात त्याला सगळे कानसेन म्हणत, कारण गळ्यात सदानकदा हेडफोन. डबा खातानाही एक कान झाकलेला. त्याची बायको म्हणायची, ह्यांच्याशी बोलायचं तर घरातही स्टुडिओसारखा लाल दिवा बसवायला हवा, त्याशिवाय ह्यांचं लक्ष जात नाही. माणूस तसा गरीब. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. वरच्या मजल्यावरची एक खोली, भोकंभोकं पाडलेल्या फळ्यांच्या भिंती, दाराला जाड पडदा आणि मधोमध दोन चाकांचं यंत्र. एका चाकावरची टेप दुसऱ्या चाकावर जाई, आणि जाताजाता कानसेन तिच्यातून माणसांचे दोष काढून टाकी. कुणाचं खाकरणं, कुणाचं अडखळणं, कुणाचं चुकून तोंडातून गेलेलं खरं मत. पांढऱ्या पेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरका छेद द्यायचा, दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. आपण केलेला सांधा आपल्यालाच नंतर सापडत नाही, याचा त्याला केवढा अभिमान.

ते दिवस असे होते, की घरात रेडिओ एकच, आणि घरातल्या सगळ्यांपेक्षा त्याचा शब्द मोठा. नवरा बोलला तर बायको वाद घाली, बायको बोलली तर सासू. रेडिओ बोलला की तिघंही माना डोलवत. रेडिओवर सांगितलंय, एवढं म्हटलं की विषय मिटला.

कानसेनाची खरी दौलत म्हणजे त्या खोलीतलं एक पत्र्याचं कपाट. त्यात टाळ्या होत्या. जिथे जिथे तो यंत्र घेऊन जाई तिथल्या टाळ्या कापून, गुंडाळून ठेवून देई. शाळेच्या समारंभातल्या बारीक आवाजाच्या, जादूच्या खेळातल्या दचकलेल्या, ओल्या छत्र्या मांडीवर घेऊन बसलेल्या माणसांच्या जड जड. यात वाईट काही नव्हतं. एखादा गायक बिचारा बंद खोलीत भिंतीकडे बघत गाई. त्याच्यामागे ओंजळभर टाळ्या घातल्या की ऐकणाऱ्यालाही बरं वाटे आणि गाणाऱ्यालाही. गाणारे तर घरी रेडिओ ऐकून स्वतःच फसत. एकाने दुसऱ्या दिवशी येऊन पुढच्या रांगेत कोण कोण बसलं होतं याची चौकशी केली होती. केंद्रातली निवेदिका, जिला सगळे साखरबाई म्हणत कारण माईक बंद झाला की तिच्या तोंडून मिरच्या पडत, ती कानसेनाला म्हणाली होती, की मेल्या, माझ्या बातम्यांच्या मागेही घाल की थोड्या, नवरा तरी ऐकेल.

टाळ्यांच्या बाबतीत कानसेनाचं एक शास्त्र होतं. तो म्हणे, टाळ्या कधी एकदम सुरू होत नाहीत. एकदम सुरू झाल्या तर समजावं, कपाटातून आल्या. खऱ्या सभेत आधी कुणीतरी एकटाच वाजवतो. मग शेजारचे दोघंतिघं त्याची लाज राखायला वाजवतात, आणि मग त्यांची लाज राखायला बाकीचे. म्हणून दर वेळी टाळ्यांच्या आधी तो एक सुटी टाळी जोडी. ही पहिली टाळी त्याने केंद्राच्या जिन्यात उभं राहून स्वतःच्या हातांनी वाजवून घेतली होती. कोरड्या हातांची लाकडासारखी आली, ओल्या हातांची मासळी आपटल्यासारखी. शेवटी तळव्यांना पावडर चोळली तेव्हा कुठे जमली. जिन्यात एकटाच टाळ्या वाजवणारा माणूस बघून चहावाल्याने खाली जाऊन सांगितलं, की वरच्याचं डोकं फिरलंय. पण टाळी अशी उतरली होती, की वाटावं, अगदी माईकजवळ बसलेला कुणीतरी भरल्या मनाचा माणूस आहे आणि त्याला राहवलं नाही.

कानसेनाची थोरली बहीण दोरवाल्यांच्या गल्लीत दिली होती. दोर वळायला लांब आणि सरळ जागा लागते, म्हणून ती गल्ली आखून काढल्यासारखी सरळ. एका टोकाला चाक. चाकाला घायपाताच्या वाखाचे धागे अडकवायचे, एकाने चाक फिरवायचं, आणि दुसऱ्याने कमरेला वाखाचा जुडगा बांधून, बोटांतून धागा सोडत, उलट्या पावलांनी मागे मागे जायचं. त्या गल्लीतले लोक सरळ चालण्यापेक्षा उलटं जास्त ऐटीत चालत. ताईचे यजमान, कानसेनाचे भाऊजी, त्याच्याशी गप्पा मारत मारत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जात. वाटेतली मांजर, बादली, कुणाची झोपलेली आजी, काहीही न बघता चुकवत. आवाज मोठा आणि हसणं त्याहून मोठं. कानसेन हळू बोलणारा, म्हणून भाऊजी त्याला चिडवत, की आमचे पाहुणे दुसऱ्यांचे आवाज सांभाळतात, स्वतःचा आणायला विसरतात.

दोर एकट्याने होत नाही. पीळ भरताना दुसरं टोक ताणून धरायला माणूस लागतोच. तेव्हा शेजाऱ्याचं टोक धरायचं, ही त्या गल्लीतली रीत. भांडण असलं तरी नाही म्हणायचं नाही. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एकाच दोराची दोन टोकं धरून समोरासमोर उभी राहत, एक डावीकडे बघतोय, दुसरा उजवीकडे.

तर या गल्लीवरून रुंद रस्ता न्यायचं नगरप्रमुखांच्या मनात आलं. दोरवाल्यांना शहराबाहेरच्या नव्या इमारतींत मजल्यामजल्यांवर घरं द्यायची. घरं चांगली होती, नळ होते, सगळं होतं. फक्त तिसऱ्या मजल्यावर उलटं चालायला लागलं तर माणूस चार पावलांत भिंतीला पाठ लावून उभा. भाऊजी हे सगळ्यांना स्वतः चालून दाखवत आणि लोक हसून हसून लोळत.

रेडिओला मात्र हसू आलं नाही. केंद्रप्रमुखांना सगळे साहेब म्हणत. साहेबांच्या खोलीत मजकूर तयार होई आणि कानसेनाच्या खोलीत त्याला आवाज चढे. वाख कसा पटकन पेट घेतो, त्याच्या धुळीने खोकला कसा होतो, आणि हे सगळं शहराच्या अगदी मधोमध. साहेबांनी एक वाक्य शोधून काढलं होतं: दोरगल्ली म्हणजे शहराच्या गळ्यातला फास. हे वाक्य कानसेनाने टाइप केलेल्या कागदावर वाचलं तेव्हा त्याची शाई ओली होती. मग ते सकाळी साखरबाईच्या तोंडून गेलं, संध्याकाळी एका डॉक्टरांच्या. पुढच्या आठवड्यात न्हावी कानसेनाची मान वाकवून म्हणाला, "खरं सांगू का, माझं आपलं स्वतःचं मत आहे, ती गल्ली म्हणजे शहराच्या गळ्यातला फास आहे." कानसेनाच्या गळ्याशी वस्तरा होता, त्यामुळे तो काही बोलला नाही. आणि एक दिवस घरी बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, वन्संनाही स्वच्छ हवा मिळेल हो, किती दिवस फासात मान घालून राहणार. बायको त्याच गल्लीत दर रविवारी जाऊन चहा पिऊन येई. तिला तिथे कधी खोकला आलेला नव्हता.

मग नगरप्रमुखांनी दोरवाल्यांचीच सभा घ्यायचं ठरवलं. शाळेचा मोठा वर्ग. आदल्या दिवशी गल्लीने आपसात ठरवलं, आणि ही कल्पना भाऊजींची, की ओरडायचं नाही, घोषणा नाहीत, काही नाही. ओरडलो तर रेडिओ म्हणेल, गुंड आहेत. आपण नुसते हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं. इतके लोक एका वेळी गप्प बसले तर ते कुठेही ऐकू जाईल.

कानसेन यंत्र घेऊन गेला होता. माईक पुढच्या रांगेच्या टोकाशी, आणि त्या टोकाला भाऊजी, कारण शेवटी गल्लीच्या वतीने दोन शब्द त्यांना बोलायचे होते. नगरप्रमुख बोलले आणि थांबले. मोठे वक्ते जसे थांबतात तसे, हनुवटी वर करून. समोर काही नाही. एक बाक करकरला. एक तान्हं मूल रडलं आणि आईने त्याला घेतलं. नगरप्रमुख पाणी प्यायले, पुन्हा बोलले, पुन्हा थांबले. पुन्हा काही नाही. कानसेनाने हेडफोनमधून आयुष्यात कितीतरी सभा ऐकल्या होत्या, पण इतका गच्च भरलेला वर्ग इतका शांत त्याने कधी ऐकला नव्हता. मग भाऊजी उठले आणि दोर वळायला किती जागा लागते ते त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. बसताना कानसेनाकडे बघून हळूच डोळा मारला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी टेप ऐकली आणि विचारलं, ही सभा होती की मयत.

"साहेब, टाळ्या कुणी वाजवल्याच नाहीत," कानसेन म्हणाला.

"ते मला ऐकू येतंय. लोकांना कशाला ऐकवायचं?"

साहेब काही राक्षस नव्हते. खांद्यावर हात ठेवून बोलले, की अरे, एवढी शांतता हवेत सोडली तर लोक उठून सेटला थापट्या मारतील. थोडी भर घाल. गवयांना इतकी वर्षं घालतोस, तेव्हा तुला कधी विचारलं का, समोर कोण होतं म्हणून? आणि ते शेवटचं दोरवाल्याचं बोलणं काढ, वेळेत बसत नाही.

आता कानसेनाला उत्तर सुचायला हवं होतं. ते पुढे त्याला पुष्कळ सुचलं, अंघोळ करताना, जिना चढताना, डबा उघडताना. त्या वेळी तो "बरं" म्हणाला.

पडद्याआड गेल्यावर त्याच्या मनात आलं, की मुद्दाम वाईट करावं. जादूच्या खेळातल्या टाळ्या लावाव्यात, दचकलेल्या, आंधळ्यालाही कळेल. त्याने ती टेप बाहेर काढलीसुद्धा. पण ज्याने जन्मभर सांधा दिसू दिला नाही त्याच्या हातून वाकडा सांधा निघेना. हात सवयीने चालले. शाळेच्याच वर्गात घेतलेल्या टाळ्या त्याने निवडल्या, म्हणजे भिंतींचा घुमारा जुळावा. बाकाची करकर तशीच ठेवली. मूल रडलं ते ठेवलं, कारण त्याने खरेपणा येतो. नगरप्रमुख थांबले तिथे क्षणभर शांतता सोडली, आणि मग माईकजवळून आपली ती एकटी, भरल्या मनाची पहिली टाळी. मागून बाकीच्या. भाऊजींचं बोलणं जमिनीवरच्या टोपलीत गेलं. सगळं झाल्यावर ऐकलं तेव्हा त्याला, खोटं कशाला बोला, बरं वाटलं. इतकं सुरेख त्याने आधी कधी केलं नव्हतं.

कार्यक्रम लागला तेव्हा बायको म्हणाली, बघा, त्यांच्या लोकांनाही पटलं की, तुम्हीच उगाच तोंड पाडून बसला होतात. तो म्हणाला, हूं.

रविवारी तो एकटाच गल्लीत गेला. त्याने मनाशी धरलं होतं, की लोक संतापले असतील, रेडिओला शिव्या घालत असतील, आपण मान खाली घालून ऐकून घेऊ. पण तिथे रेडिओवर कुणी रागावलंच नव्हतं. लोक एकमेकांवर रागावले होते. चाकं बंद. जो तो आपल्या उंबऱ्यात. सगळ्यांनी कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात एकत्र बसून कार्यक्रम ऐकला होता, आणि स्वतःच्याच टाळ्या ऐकून थिजले होते. मी तर नाही वाजवली, असं प्रत्येकाला माहीत होतं. मग वाजवल्या त्या दुसऱ्यांनी, हे उघडच होतं. मागच्या रांगा पुढच्यांकडे बघत होत्या, पुढच्या मागच्यांकडे. टाळ्या नव्हत्याच, असं एकाच्याही मनात आलं नाही. रेडिओवर त्यांच्या बाकाची करकर होती, त्यांच्या गल्लीतलं मूल रडलेलं होतं. मग टाळ्या तेवढ्या कुठून येतील? एक म्हातारे तर म्हणू लागले होते, की आता आठवतंय, माझ्या शेजारी काहीतरी वाजलं खरं.

आणि पहिली टाळी जवळून आली होती. माईकजवळून. माईकजवळ कोण बसलं होतं, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. शिवाय गल्लीच्या वतीने जे दोन शब्द भाऊजी बोलले, ते रेडिओवर नव्हतेच. म्हणजे त्यांनीच काढायला सांगितले असणार.

ताईने त्याला दारातच हे सांगितलं. तिचे डोळे सुजले होते. भाऊजी आत पाठमोरे बसले होते. कानसेनाचा आवाज ऐकून ते बाहेर आले, त्याचा दंड धरला आणि त्याला गल्लीच्या मधोमध नेलं. उंबऱ्यांतली माणसं उठून जवळ आली.

"हा तिथेच होता," भाऊजी सगळ्यांना म्हणाले. "कानाला लावून बसला होता. ह्याच्यापेक्षा जास्त कुणाला ऐकू येणार? तू सांग यांना. पहिली टाळी कुणी वाजवली?"

त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता. साक्षीदार घरचाच निघाला, म्हणून.

कानसेनाने गल्लीकडे पाहिलं. एवढंच म्हणायचं होतं, की मी. एक अक्षर. त्याला साहेब दिसले, कपाट दिसलं, आपली खोली दिसली, उद्या सकाळी त्या खोलीत बसलेला दुसरा कुणीतरी दिसला. आणि त्याहून खोल एक भीती होती, की हे लोक विचारतील, का रे बाबा केलंस, आणि त्याला सांगायला काहीही नसेल.

"भाऊजी," तो म्हणाला, "माझं तेव्हा लक्ष नव्हतं."

मग शेजारची एक दोरवाली, जिने भाऊजींचं टोक वर्षानुवर्षं धरलं होतं, ती शांतपणे म्हणाली, "लक्ष नव्हतं कसं असेल? घरच्या माणसाला वाचवतोय बिचारा."

आणि लोक पांगले. कानसेनाने उत्तर टाळलं म्हणूनच भाऊजींवर शिक्का बसला; सरळ काही बोलला असता तर कदाचित कुणी वाद तरी घातला असता. भाऊजींनी त्याचा दंड सोडला नाही. उलट हळूच विचारलं, अगदी लहान पोरासारखं, की माझे हात मांडीवरच होते ना रे? मला तसं आठवतंय. पण हल्ली मला वाटायला लागलंय, की नकळत तर गेले नसतील वर?

"मांडीवरच होते," कानसेन म्हणाला. एवढं तो म्हणाला. पण ते भाऊजींच्या कानात, गल्लीत नाही.

त्या आठवड्यापासून भाऊजींच्या दोराचं दुसरं टोक धरायला कुणी येईना. ती रीत मोडलेली कुणाच्या आठवणीत नव्हती. ताई धरू लागली. तिच्याने पीळ सोसवत नसे, दोर सैल पडे, आणि गल्लीभर माणसं उंबऱ्यांत बसून ते बघत. मग एकेक घर नगरपालिकेत जाऊन संमती देऊन आलं. सगळ्यांचं म्हणणं एकच, की बाकीचे गेलेच आहेत, मी एकटा थांबून काय करू. सगळ्यांत शेवटी भाऊजी गेले, आणि तरीही लोक म्हणाले, आधीच आतून ठरलेलं होतं, शेवटी गेला तो देखावा.

नव्या इमारतीत कानसेन एकदा गेला. मनाशी वाक्य घोकत गेला होता. रस्त्यातून तीनदा परत फिरला, पण गेला. भाऊजी तेव्हा एका गोदामावर रखवालीला लागले होते. दिवसभर स्टुलावर बसायचं, हात मांडीवर. त्यांनी दार उघडलं आणि कानसेनाला मिठीच मारली. ताईला म्हणाले, चहा टाक, आपला माणूस आलाय. मग त्याला बाजूला घेऊन म्हणाले, की त्या दिवशी तुला उगाच मध्ये ओढलं. तू खोटं बोलला नाहीस, लक्ष नव्हतं तर नव्हतं म्हणालास. दुसरा असता तर माझ्यासाठी खोटी साक्ष देऊन मोकळा झाला असता. तुझा मला अभिमान वाटतो.

चहा आला. कानसेनाने तो उभ्यानेच घेतला. घोकलेलं वाक्य जिभेवर होतं, त्यावर चहा गेला आणि ते पोटात उतरलं. तो पुन्हा त्या घरी गेला नाही. पुढच्या रविवारी डोकं दुखलं, त्याच्या पुढच्या रविवारी काम निघालं, आणि मग कारण लागेनासं झालं.

लोकांना मात्र कारण लागतं. न जाण्याचं कारण त्यांनी महिन्याभरात शोधून काढलं, आणि ते इतकं शोभिवंत निघालं की कानसेन स्वतःच ऐकत राहिला. न्हाव्याने त्याच्या गळ्याभोवती फडकं बांधता बांधता आरशातून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, की मानलं तुम्हाला. सख्खा मेहुणा, पण चूक ती चूक. आजकाल कोण करतं असं? बाकावरची दोन गिऱ्हाइकं वर्तमानपत्र खाली करून आदराने बघू लागली. आरशात फडक्यावरती आपलं एकटं डोकं कानसेनाला दिसत होतं. नाही म्हणायला तोंड तेवढं उघडायचं होतं.

त्याने मान हलवली. होकाराची. न्हावी म्हणाला, मान स्थिर ठेवा.

त्या दिवसापासून केंद्रातही त्याला जरा मान मिळू लागला. साखरबाईसुद्धा त्याच्याशी माईक चालू असल्यासारखी बोलू लागली. टाळ्यांचं काम तो करतच राहिला. मन लागत नाही असं एकदाच बायकोला म्हणाला. ती म्हणाली, चष्मा बदला.

ही बातमी फिरत फिरत नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर गेली. एका दुपारी ताई आली. पायांवर धूळ, म्हणजे चालत आली असणार. बायको बाहेर गेली होती. ताई दारातच उभी राहिली, चौकटीला हात लावून.

"लोक म्हणतात ते मी ऐकलं," ती म्हणाली. "ह्यांनीही ऐकलं. हे काही बोलत नाहीत. म्हणतात, त्याला तसं वाटलं असेल तर त्याचंही बरोबर आहे, तो तिथे होता. मी आपली तुझ्या तोंडून ऐकायला आले. तुलाही वाटतं का रे, की ह्यांनी वाजवली?"

"नाही गं ताई."

"मग येत का नाहीस?"

लहानपणी तो पडला की ती अशीच उभी राही, कुठे लागलं ते सांग म्हणत. आणि तो सांगत नसे, नुसता रडे. आता रडणंही येईना. त्याने तिला आत ये म्हटलं. पाणी देतो म्हटलं. पंखा लावतो म्हटलं. ताई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने चौकटीवरचा हात काढला.

"ह्यांना काय सांगू?"

"सांग, कामात आहे."

ती जिना उतरून गेली. तो गॅलरीत गेला नाही. खालून तिने वर पाहिलं असतं.

तर लोक म्हणत त्यातलं खरं एवढंच. त्या सभेत कुणीही टाळी वाजवली नव्हती. रेडिओवर ऐकू आलेली पहिली टाळी कानसेनाची स्वतःची होती. मेहुण्याशी त्याने कधी भांडण केलं नाही, संबंधही तोडले नाहीत. तोंड दाखवायची लाज वाटे, म्हणून तो जात नसे. भाऊजी वारले तोवर त्याने त्यांना हे सांगितलं नव्हतं, आणि ताईला नंतरही सांगितलं नाही.